एका बाजाराची मुदत

"लावताना काढायचं बोला, डॉक्टरीणबाई. नंतर बोलायला तोंड उघडत नाही."

डॉ. शरणप्पा मुचळंबकर सरांनी मला दिलेला हा पहिला धडा. त्याला आता वीसेक वर्षं झाली. हुमनाबाद भागातल्या आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ म्हणून नुकतीच रुजू झाले होते. एका रुग्णाच्या घशात नळी घालून, त्याला व्हेंटिलेटरला जोडून मी बाहेर आले. नळी पहिल्याच प्रयत्नात बसली होती, त्यामुळे स्वतःवर खूश होते. अतिदक्षता विभागाचे प्रमुख असलेले सर दारात उभे होते. नळीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. घरच्यांना काय सांगितलंत, एवढंच विचारलं.

"मशीन लावलंय म्हणून सांगितलं," मी म्हणाले.

त्यावर ते वाक्य आलं. मग त्यांनी मला बरोबर घेतलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्या माणसांशी बोलायला गेले. मी त्या दिवशी शिकले ते आजतागायत शिकतेच आहे.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीनं मला 'अतिदक्षता विभागातील कार्य' हा विषय दिला. शिष्येनं लिहावा तसा शांत, नेटका लेख लिहायचा मनापासून प्रयत्न केला. जमत नाही. सरांची फुप्फुसं आता आतून घट्ट होत चालली आहेत. आणि त्यांनी एक काम माझ्यावर सोपवलं आहे: वेळ आली तर त्यांना व्हेंटिलेटर लावू द्यायचा नाही, आणि ते 'नाही' मी म्हणायचं. ही गोष्ट गुप्त नाही. ती लोकांना कळावी अशी त्यांचीच इच्छा आहे. पण मला ती स्वस्थ बसू देत नाही, म्हणून जे लिहिते आहे त्यात ती डोकावत राहील. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सरांच्या कामाविषयी सांगायचं तर बाजाराविषयी सांगावं लागेल.

रुग्णाला मशीन लावलं की सर त्याच्या घरच्यांना आधी विचारत, "तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?" माणसं गोंधळायची. आत आई मरणाच्या दारात आणि डॉक्टर बाजार विचारतायत. मग सर सांगत, "येत्या बाजारापर्यंत मशीन ठेवू. जे करता येतं ते सगळं करू. त्या दिवशी तुम्ही, मी आणि घरातलं जे कोण मोठं असेल ते असे बसू. सुधारणा असेल तर पुढं नेऊ. नसेल तर मशीन काढायचं बोलू. आज फक्त एवढं ठरवा की त्या दिवशी बसायचं." बाजार अगदी उद्यावर आला असेल तर त्याच्या पुढचा धरत.

आमच्या विभागातल्या फळ्यावर रुग्णाच्या नावापुढे औषधं, लघवीचं प्रमाण आणि शेवटी 'बाजार' असा रकाना असे. बाहेरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तो बघून आमच्या थोरल्या परिचारिका सुमित्राक्कांना विचारलं होतं, "पेशंटला बाजाराला पाठवता की काय?" अक्का म्हणाल्या, "व्हय साहेब. काहीजण पिशवी घेऊन चालत जातात."

मी एकदा सरांना विचारलं, सरळ तासांत का सांगत नाही? पुस्तकात तासांत असतं. ते म्हणाले, "तास सांगितले की माणूस घड्याळाकडं बघत बसतो, आणि घड्याळ आपल्याकडं असतं. बाजार त्यांचा आहे. त्या दिवशी सगळे पाहुणे तसेही गावाबाहेर पडतात, कुणाचा रोजगार बुडत नाही. एकट्या पोरावर निर्णय येत नाही." मग म्हणाले, "आणि बाजार म्हटलं की त्यांना ती आई आठवते जी बाजाराला जायची. नळ्या लावलेली नाही."

मादन हिप्परग्याच्या एका म्हातारीची गोष्ट सांगते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा सुधारणा नव्हती. लेक गप्प होती. मुलगा मात्र पेटला होता.

"छाती हालायलीय की अप्पा! कामून काढायलाव?"

आमच्याकडं सरांना सगळा मुलूख अप्पाच म्हणतो. सर रागावले नाहीत. त्यांनी मुलाचा हात धरून मशीनकडून येणाऱ्या पाइपवर ठेवला. "हे हिसके लागतात का हाताला?"

"लागायलेत."

"हा वारा मशीनचा. आता हात आईच्या छातीवर ठेव. मशीननं ढकललं की छाती वर येते. मधे तिनं स्वतः एकदा तरी घेतला तर मला सांग. मी इथंच आहे."

मुलगा हात ठेवून उभा राहिला. सरही उभे राहिले. दुसऱ्या खाटेवरून बोलावणं आलं तर मला पाठवलं, स्वतः हलले नाहीत. बऱ्याच वेळानं मुलगा म्हणाला, "न्हाई घेत."

"न्हाई घेत," सर म्हणाले.

तेवढ्यात लेकीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "काढायचं तर काढा. पर हिला लुगडं नेसवू द्या. ह्या झबल्यात कवा बघितलं न्हाई आमी."

सुमित्राक्का संसर्गाचे नियम सांगू लागल्या. सर म्हणाले, "आता कुणाला संसर्ग व्हायचाय अक्का? पडदा ओढा." लेकीनं आणि अक्कांनी मिळून त्या आजींना हिरवं लुगडं नेसवलं. सरांनी यंत्रांचे सगळे आवाज बंद केले, मॉनिटरचं तोंड भिंतीकडं फिरवलं. "आता तिकडं बघायचं नाही. इकडं बघा." मग त्यांनी आजींना श्वासाचा त्रास जाणवू नये म्हणून औषध दिलं, आणि नळी स्वतः काढली. हे काम त्यांनी माझ्यावर किंवा निवासी डॉक्टरांवर कधी टाकलं नाही. "घालायला शिष्य चालतो. काढायला मी," असं म्हणत.

एवढं वाचून कुणाला वाटेल की सर मशीन काढणारे डॉक्टर. तसं नव्हे. कडगंचीकडची एक तरुण बाई शेतात झोपली असताना मण्यार चावून आली होती. डोळे उघडेनात, हात हलेना, बाहुल्यांवर उजेड टाकला तरी त्या आकसेनात. घरच्यांनी ती गेलीच असं धरलं होतं. सासऱ्यांनी गाडी दारात आणून लावली. "मढं कशाला ठेवायलाव अप्पा? घरी नेताव."

त्या दिवशी मी सरांना प्रथमच हात जोडताना पाहिलं. विषानं शरीर असं निपचित पडतं, आत माणूस जागं असू शकतं, हे ते परोपरीनं सांगत होते. पटत नव्हतं. शेवटी ते त्या सासऱ्यांना म्हणाले, "मला एक बाजार द्या. जास्त मागत नाही. एक बाजार. नंतर तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी दिला. बाजाराच्या आधीच तिच्या पायाचा अंगठा हलला. नंतर ती बोलू लागली तेव्हा सासऱ्यांकडं बोट करून सरांना म्हणाली, "मामांनी मढं म्हटलेलं मला ऐकू आल्तं." सासरे लाजेनं बाहेर पळाले. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्या हसण्यानंतर मात्र त्यांनी सगळ्यांना गोळा करून एक नियम घातला: बेशुद्ध रुग्णाच्या खाटेजवळ त्याच्याबद्दल बोलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. आणि प्रत्येक खाटेशी एक खुर्ची ठेवायची, घरच्या माणसासाठी.

त्या खुर्चीवर पुढं मलाही बसावं लागलं.

माझे वडील, आमचे दादा, हळ्ळीखेडचे. थोडी शेती आणि विहारातली सगळी कामं अंगावर घेतलेला माणूस. शेतातच कोसळले. त्यांना घेऊन आले तेव्हा मी हातात मोजे चढवत होते. सरांनी माझ्या हातातले मोजे काढून घेतले. "आज तू डॉक्टर नाहीस सुजाता. खुर्चीवर बस." आणि दादांना नळी त्यांनी घातली. मग बाहेर येऊन माझ्या आईला, भावाला आणि मला, जणू मला काही ठाऊकच नाही असं धरून, सगळं पहिल्यापासून सांगितलं. हळ्ळीखेडचा बाजार कोणत्या वारी, तेही विचारलं. खरं तर त्यांना ते पाठ होतं.

बाजाराचा दिवस आला. दादांच्या मेंदूत काही उरलं नव्हतं. स्कॅनचं चित्र मी स्वतः पाहिलं होतं. आई म्हणाली, "सोडा त्येन्ला अप्पा. ह्यानी कवा कुणाच्या आधारानं चालले न्हाईत." भाऊही तयार होता. मी नव्हते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकींना समजावणारी मी म्हणाले, "सर, आणखी एक बाजार."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. दिला.

त्या आठवड्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. दादांचे हात सुजले, पाठ सोलवटली, चेहरा त्यांचा राहिला नाही. सर रोज येऊन त्यांना नमस्कार करत, आणि "दादा, कूस बदलतोय हं," असं सांगून परिचारिकांबरोबर स्वतः कूस बदलायला हात लावत. पुढचा बाजार आला तेव्हा मीच म्हणाले, काढा. आईनं बुद्धवंदना म्हटली. तिच्या पहिल्या ओळीनंतर सरांनी नळी काढली आणि वंदना संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. बसवण्णांना मानणाऱ्या त्या माणसाला आमची वंदना येत नव्हती. पण शेवटच्या 'साधु साधु' ला त्यांचाही आवाज मिसळला.

तो दुसरा बाजार मी सरांच्या मायेचा पुरावा म्हणून कित्येक वर्षं जपून ठेवला होता. त्यांनी मला तो तसा ठेवू दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी घरी बोलावलं. आता त्यांना घरीही प्राणवायूची बारीक नळी नाकाला लावावी लागते, वाक्य तोडून तोडून बोलावं लागतं. गिरिजाक्का, सरांच्या पत्नी, खायला मुरमुऱ्यांची सुशीला आणत होत्या, मधेच थांबून ऐकत होत्या. सर म्हणाले, "कायद्यात आता सोय आहे. साक्षीदारांसमोर लिहून दिलंय. मशीन नको. आणि माझ्या वतीनं बोलायला... तुझं नाव."

"मुलाचं का नाही?" मी विचारलं.

"तो विमानातून उतरेल आणि म्हणेल... सगळं करा. गिरिजा जेवायची थांबेल. तू नाही म्हणशील. तुला येतं."

"मला येत नाही सर. दादांच्या वेळी आलं नव्हतं."

"म्हणूनच." ते बराच वेळ दम घेत राहिले. "तो दुसरा बाजार... मी द्यायला नको होता. तुझ्याकडं बघून दिला. दादांकडं बघायचं राहिलं."

गिरिजाक्का ताटली ठेवत म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांचे बाजार ठरवले. घरची भाजी मात्र मीच आणली." सर हसले, हसता हसता खोकले, आणि मी त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा बघत बसले. तो खाली गेला, हळूहळू वर आला. तो वर येईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता, हे नंतर कळलं.

तेव्हापासून हे घोळतं आहे. आजारच शेवटाला आला असेल तर मशीन काही उपयोगाचं नाही, हे मला कळतं. तेव्हा मी 'नाही' म्हणेन, कुणी विमानातून उतरो. पण तसं नसेल तर? साधा न्यूमोनिया झाला, चार औषधांनी उतरणारा, आणि तेवढे दिवस पार पाडायला फक्त मशीन हवं असेल तर? कडगंचीच्या त्या बाईसाठी हात जोडणारे सर तेव्हा माझ्या जागी असते तर काय म्हणाले असते? की हा सगळा युक्तिवाद पुन्हा खुर्चीवर बसलेल्या लेकीचाच आहे? मला सांगता येत नाही. सर मात्र विचारतील, "डॉक्टर म्हणून मागतेस की लेक म्हणून?" आणि मी खोटं बोलू शकणार नाही.

सर, या ग्रंथात सगळेच तुम्हाला दीर्घायुष्य चिंततील. मी एवढंच मागते की तुम्हाला पुष्कळ बाजार मिळोत. हवा स्वच्छ असलेले, पायात बळ असलेले. त्यांतल्या एका तरी दिवशी तुम्ही स्वतः पिशवी घेऊन निघावं, घासाघीस करून वांगी आणावीत आणि ती किडकी निघाली म्हणून गिरिजाक्कांची बोलणी खावीत.

आणि त्यांतलाच एक मला द्या.

अचानक गाठणारा आजार बरा होण्यासारखा असेल, तरच. लावताना काढायचं बोलावं, असं तुम्हीच शिकवलंत. म्हणून लावायच्याही आधी, इतक्या लोकांसमोर, काढायचं बोलते. खुर्चीवर गिरिजाक्का असतील. मॉनिटर भिंतीकडं फिरवलेला असेल. बाजाराच्या दिवशी तुमच्या छातीवर मी हात ठेवीन. मधे तुम्ही स्वतःचा एकही श्वास घेत नसाल, तर नळी मी माझ्या हातानं काढीन. दुसरा बाजार मागणार नाही.

तुम्ही नाहीच म्हणणार, हे मला ठाऊक आहे. तरी मागते, सर. मला एक बाजार द्या.