वाडीत भिरभिरणारा स्टार्टर

शहरातल्या सक्करदऱ्यात माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. तेवढ्यावरून उमरेड रोडच्या गावातले माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मला विजेचा डॉक्टर समजतात. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. चावी फिरवली की त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरचा स्टार्टर, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, कण्हत कण्हत अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा.

मी बॅटरी चार्ज करायला लावली. मग नवी नेऊन बसवली. कण्हणं तसंच. शेवटी स्टार्टर खोलला, सतरंजीत गुंडाळला आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्या भाऊजींच्या मांडीवर देऊन शहराच्या पलीकडे वाडी गावातल्या मिस्त्रीकडे नेला. त्याने बॅटरीच्या दोन वायरी थेट स्टार्टरला लावल्या. तो असा भिरभिरला की भाऊजी दोन पावलं मागे सरले.

घरी आणून बसवला, तर पुन्हा कण्हणं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाला, "याले माझ्याकडंच करमते. आता ट्रॅक्टरच घेऊन या."

ट्रॅक्टर न्यायचा तर आधी तो सुरू व्हायला हवा. भाऊजींनी शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली. ट्रॅक्टरला दोर बांधला, ते गंभीर चेहऱ्याने स्टिअरिंगवर बसले, मी बैलांपुढे. बैल चालू लागले. भाऊजींनी क्लच सोडताच ट्रॅक्टरने हिसका दिला, बैल थांबले आणि मागे वळून पाहू लागले. चौथ्या खेपेला ते खालीच बसले.

ताई ओसरीतून सगळं बघत होती. ती भाऊजींना म्हणाली, "तुम्ही दसऱ्याले याले रंग देला, तवापासूनच हा रडून राहिला ना?"

"रंगाचा अन् स्टार्टरचा काय संबंध वं?"

मी मात्र बॅटरीकडे वळलो. मीटर काढलं, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि भाऊजींना चावी फिरवायला सांगितली. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं होतं. दिसले पाच व्होल्ट. म्हणजे वीज बॅटरीकडे परत येते त्या अर्थिंगच्या वाटेतच बॅटरीचा जोर संपत होता. अर्थिंगच्या जाड वायरीचा बोल्ट खोलला, तर खाली लाल रंगाचे तीन चकचकीत थर, आणि रंगातून वीज जात नाही. वाडीत वायर थेट स्टार्टरला लागायची, म्हणून तिथे सगळं ठीक. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

"भाऊजी, वायर काढून तिथं रंग काहून देला?"

"तिथं जंग होता गा. चांगलं नव्हतं दिसत."

पॉलिश पेपरने लोखंड उघडं केलं, वायर आवळली. चावी फिरवताच ट्रॅक्टर सुरू झाला आणि बैल उठून उभे राहिले. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ट्रॅक्टर बंद करायला साफ नकार दिला.

म्हणून आम्ही अंगणात त्या धडधडाटातच जेवलो. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. ताईने हातानेच विचारलं, वरण हवं का. मी हातानेच नको म्हटलं. तिने वाढलं.