बाबांच्या गुडगुडीचा फिल्टर

आमच्या घरात बाबांना कुणी काही सांगायचं नाही, असा नियम होता. सांगायचं ते बाबांनी. तळवलीत कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत गेली, कुणाच्या सुनेनं माहेरी किती दिवस राहायचं, सगळ्याचा निकाल आमच्या ओट्यावर लागायचा, आणि निकाल लागेपर्यंत बाबांच्या नारळाच्या गुडगुडीतलं पाणी बुडबुडत राहायचं. भातशेती जाऊन तिथे नव्या शहराचे सेक्टर आले, तेव्हापासून तर बाबांच्या हातात धरण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

नव्वदच्या दशकातल्या एका जूनमध्ये त्यांचा खोकला थांबेना म्हणून मी त्यांना वाशीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि एक्स-रे उजेडाला धरून मला सांगितलं, "तंबाखू आजपासून बंद. छाती अर्धी गेलीय. हे असंच चालू राहिलं तर दोन वर्षं काढणार नाहीत." मी बाहेर आलो. बाबा कंपाउंडरला त्याच्या घराचं दार कुठल्या दिशेला हवं ते समजावत होते. मला पाहून म्हणाले, "काय म्हनाला डॉक्टर?"

"थोडा कफ आहे," मी म्हणालो. माणूस किती भेकड असू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

सांगायची हिंमत नाही म्हटल्यावर मी विज्ञानाकडे वळलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होतो. तिथे गढूळ पिवळं द्रावण ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून सोडलं की खालून पाण्यासारखं स्वच्छ येतं, हे मी रोज बघत होतो. मग धूर का नाही येणार? मी साहेबांना विचारून चहाच्या एका जुन्या डब्यात कार्बनची भरड पूड घरी आणली, झाकणावर इंग्रजीत 'कार्बन' लिहिलं आणि फोटोच्या रोलची प्लॅस्टिकची डबी दोन्हीकडून भोकं पाडून गुडगुडीच्या नळीत बसवली. बाबांना म्हणालो, "कफावर चांगलं असतं."

पहिल्या झुरक्याला अर्धी डबी बाबांच्या तोंडात गेली. दात काळे, जीभ काळी, पांढऱ्या मिशा कोळशासारख्या. मी घाबरून पाणी आणायला धावलो. परत आलो तर बाबा आरशात मिशा बघत होते. म्हणाले, "बरा दिसतो रं." दोन दिवस त्यांनी त्या धुतल्या नाहीत.

मग मी दोन्ही बाजूंना कापूस घातला. आता पूड येईना, पण चवही येईना. बाबा वैतागले. "हा धूर हाय का वारा?" ते ओरडत, आणि मी मनात खूश होत असे. चव गेली म्हणजे विष गेलं, असा माझा सरळ हिशेब. दर रविवारी मी नेमानं डबी रिकामी करून नवा कार्बन भरायचो. बीएस्सी झाल्याचं एवढं सार्थक मला आधी कधी वाटलं नव्हतं.

गणपतीच्या आधी घराला चुना लावला, सामान हललं, परत लागलं. त्यानंतर बाबांची तक्रार अचानक बंद झाली. उलट म्हणाले, "आता जमला तुना. आता दम हाय." तक्रार होती तेव्हा मला वाटलं होतं फिल्टर चालतोय, आता कौतुक झालं तर वाटलं फिल्टर आणखी चांगला चालतोय. बाबा दिवसातून चार वेळा ओढायचे ते आठ वेळा ओढू लागले. ओट्यावर येणाऱ्याला अभिमानानं सांगत, "माझा पोरगा धूर गालून देतो." शेजारचे दोन म्हातारे आपापल्या गुडगुड्या घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांनाही डब्या बसवून दिल्या, आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी भाव खाल्ला.

खोकला मात्र वाढत होता. मी म्हटलं, जुना कफ सुटतोय.

त्याच दिवसांत आईचं काहीतरी बिनसलं. सकाळी उठली की मशेरी दातांना घासून अर्धा तास अंगणात बसायची तिची जन्माची सवय, पण आता घासून झाल्यावरही तिला तरतरी येईना. डोकं दुखतं म्हणे, पोट साफ होत नाही म्हणे. भांडी आपटायची, माझ्यावर खेकसायची. "तंबाखून जोर नाय," म्हणत तिनं दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या. महिनाभरानं डोकेदुखी थांबली, चिडचिडही गेली. तेव्हा ती म्हणाली, सवय झाली असेल.

तुळशीचं लग्न झालं आणि गावात हळदी सुरू झाल्या. एका हळदीत आई हसली आणि बायका बघतच राहिल्या. चाळीस वर्षं मशेरीनं काळे पडलेले दात चकचकीत पांढरे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा जणी आमच्या ओट्यावर हजर, दातांना काय लावतेस ते आम्हाला पण दाखव म्हणत. आईनं मोठ्या ऐटीत आतून डबा आणला. मी चहा पीत होतो. चिमटीचिमटीनं वाटत फिरणाऱ्या त्या डब्याच्या झाकणावर माझ्या अक्षरात 'कार्बन' लिहिलं होतं.

आईला वाचता येत नव्हतं. आमच्या घरात डब्यातली काळी पूड म्हणजे मशेरीच, एवढं तिला येत होतं. तिची मशेरीही तसल्याच चहाच्या डब्यात असायची; तिच्यासाठी डबा म्हणजे डबा. पण मी? चुना लावताना फळीवर दोन्ही डब्यांच्या जागा बदलल्या, आणि मी झाकण न बघता, त्याच जागेवरचा डबा उचलून दर रविवारी भरत राहिलो. वासही आला नाही मला. कारखान्यात बारा वर्षं काढल्यावर माझं नाक नुसतं शोभेला उरलं होतं.

बाबा तिथेच ओढत बसले होते. मी त्यांच्या हातातून नळी काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. डबी उघडली तर आत भाजलेला तंबाखू, ओला, काळपट, ठासून भरलेला. तंबाखूचा धूर मी तंबाखूतून गाळून बाबांना देत होतो.

आई म्हणाली, "म्हंजे माझी मशेरी सुटली?" आणि तिला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"कफासाठी एवढा खटाटोप?" त्यांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. एक्स-रे, छाती, दोन वर्षं. बाबांनी ऐकून घेतलं. गुडगुडीतलं पाणी त्यांनी ओट्याखाली ओतून टाकलं, नारळ उपडा ठेवला.

"मना सांगितला असतास तर त्याच दिवशी ठेवली असती," ते म्हणाले. "कदी म्हनाला व्हता डॉक्टर?"

"जूनमध्ये."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. सहा झाले.

"सा म्हयने मी ओढत व्हतो," बाबा म्हणाले, "आनि तू भरत व्हतास."