चाळीचा पहिला खांब

कांद्याच्या चाळीला सरकारी अनुदान मिळतं हे आप्पांना मीच सांगितलं. तेव्हा तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

मी देवळाली कॅम्पला एका शाळेत शिकवते. आईवडील गावी, शेतीवर. आप्पांचा उन्हाळ कांदा दरवर्षी ताडपत्रीखाली पडायचा आणि वळवाच्या धास्तीनं मिळेल त्या भावात जायचा. "एक वर्ष तरी माझा कांदा माझ्या मर्जीनं विकायचाय," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, हवी होती. मी मोबाइलवरून अर्ज भरला, सोडतीत नाव निघालं, सातबारापासून पासबुकापर्यंत सगळं चढवलं. अट एकच: पूर्वसंमती येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. हे मी आप्पांना फोनवर तीनदा बजावलं आणि ते तिन्ही वेळा हो म्हणाले.

पाडव्याला घरी गेले, तर खळ्याशेजारी लोखंडी खांब उभा. बुडाशी हळदकुंकू, वर आंब्याचा डहाळा, समोर नारळ फोडलेला. मी कपाळावर हात मारून घेतला. आप्पा शांतपणे म्हणाले, काम कुठं सुरू केलंय, नुसता मुहूर्त धरलाय. पाडवा असाच जाऊ द्यायचा का? आईनंही त्यांचीच री ओढली. आमच्याकडे गोठा असो की घर, पहिला खांब पाडव्याला रोवायचा आणि बाकीचं सवडीनं करायचं. त्या एका खांबाला सरकारी भाषेत काम सुरू झालं असं म्हणतात, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून?

पंधरा दिवसांनी कृषी सहाय्यक जागेचा फोटो काढायला आले. खांब बघून त्यांनी मोबाइल परत खिशात घातला. माणूस भला होता, चहा घेतला, पण मोकळी जागा दिसल्याशिवाय फोटो चढवता येत नाही म्हणाले. आप्पांचं उत्तर ठरलेलं, पुजलेला खांब काढत नसतात. मला दोघांचाही सारखाच संताप आला. इकडे कांदा काढणीला आला होता आणि घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

शेवटी एका रविवारी गावी जाऊन, आप्पा बाजाराला गेलेले बघून मी शेजारच्या काकांना हाताशी धरलं आणि खांब उपटला. आप्पा आले, खड्ड्याकडे बघितलं, मग पायानं माती लोटून तो बुजवला. दुसऱ्या दिवशी फोटो झाला. फोटोत शेतकरी लागतो, म्हणून आप्पा नेमके त्या बुजवलेल्या जागेवर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

मग नुसती वाट बघणं. रोज मोबाइल उघडायचा आणि रोज तेच, अर्ज प्रक्रियेत आहे. कार्यालयात फोन केला की कधी साहेब दौऱ्यावर, कधी सर्व्हर बंद. जीव नकोसा झाला त्या दोन कारणांनी. कांदा पुन्हा ताडपत्रीखाली गेला. मरू दे ते अनुदान, स्वतःच्या पैशानं बांधतो, असं आप्पा म्हणाले, तेव्हा मीच अडवलं. एवढं केलंय, आता आठ दिवसांसाठी घालवू नका म्हटलं. त्यांनी ऐकलं. चौथ्या दिवशी वळीव कोसळला, खालचा थर सडला, आणि उरलेला कांदा व्यापारी सांगेल त्या भावात गाडीत चढला.

पूर्वसंमतीचा मेसेज श्रावणात आला. काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करा, नाहीतर अर्ज रद्द. मी रजा टाकून गावी गेले. आप्पा ओसरीवर बसले होते, खांब मागच्या भिंतीला टेकवलेला, हळद अजून थोडी दिसत होती. मी मेसेज वाचून दाखवला आणि पुढच्या वर्षी तरी कांदा चाळीत जाईल, असं म्हटलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"बांधू की," ते म्हणाले. "पण पहिला खांब तू रोवायचा. उपटला व्हता तूच."