दातारांनी पसंत केलेलं स्थळ

त्यांचं आडनाव दातार नव्हतं. खरं आडनाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. ते कवळ्या बनवत. डॉक्टरांकडून हिरड्यांची मापं येत, त्यांत प्लास्टर ओतून साचा निघे, साच्यावर मेणाची हिरडी बसे आणि तिच्यात ते चिमट्याने एकेक दात लावत. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू या माणसाच्या बाकावर तयार झालेलं. दात देतो तो दातार, असं कुणीतरी म्हणालं आणि ते नाव कवळीपेक्षाही पक्कं बसलं.

पुढच्या खोलीत कामाचं बाक, मागच्या दोन खोल्यांत संसार. संसार म्हणजे दातार आणि त्यांची थोरली बहीण. दातारांनी लग्न केलं नव्हतं. तरुणपणी ताईंनी दोन-तीन घरी शब्द टाकून पाहिला होता. त्यातल्या एका घरी मुलगी बघायला म्हणून निघालेले दातार वाटेत रेल्वेच्या पुलावर थांबले, ते थांबलेच. तिकडच्या लोकांनी वाट बघून चहाची भांडी आवरून ठेवली. त्यानंतर ताईंनी तो विषय काढला नाही.

ताई स्वतः नवरा गेल्यावर चार दिवस राहायला म्हणून भावाकडे आल्या होत्या. ते चार दिवस अजून संपले नव्हते. दातारांनी कपाटाचा अर्धा भाग त्यांच्यासाठी रिकामा करून दिला होता. तिथे त्यांनी जादा चादरी ठेवल्या आणि आपले कपडे आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत, खाटेखाली. रोज सकाळी ट्रंक ओढायची, कपडे काढायचे, ट्रंक आत ढकलायची. त्या खरखरीने दातारांना जाग येई. कशाला एवढा खटाटोप, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. "सवय आहे," एवढंच ताई म्हणाल्या. त्या फार बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि विचारणाऱ्यांतल्या तर मुळीच नव्हत्या. दुपारी समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानातून सदरे यायचे. त्यांना काजं करायची, बटणं लावायची, संध्याकाळी घड्या घालून परत करायचे, असा त्यांचा दिवस.

दातारांना नाद एकच, गाड्या बघायचा. सुट्टीच्या दिवशी ते पुलावर उभे राहत. तिथेच त्यांची गार्डसाहेबांशी ओळख झाली. मालगाडीवर गार्ड म्हणून सगळी नोकरी केलेला माणूस निवृत्त झाल्यावरही गाड्याच बघायला येतो, याचं ताईंना नवल वाटे. त्यावर गार्डसाहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. "वहिनी म्हणू की ताई म्हणू, जन्म शेवटच्या डब्यात गेला. इंजिन कसं असतं ते आत्ता कुठे बघतोय."

पुढे गार्डसाहेब मुलाकडे राहायला गेले. ते गाव घाटाच्या पायथ्याशी, मोठ्या जंक्शनला लागून. तिथून त्यांचे फोन येऊ लागले आणि दातारांनी मनावर घेतलं, की दोन-तीन दिवस काढून तिकडच्या गाड्या बघायला जायचं. गार्डसाहेब शोधाला लागले. जुन्या इंजिनांचं संग्रहालय कुठे आहे आणि कोणत्या वारी बंद असतं, कोणत्या पुलावरून गाडीचं वळण पुरतं दिसतं, सकाळचं ऊन पाठीवर कुठे राहतं, कुठे उभं राहिलं तर पोलीस हटकत नाही. अशा प्रत्येक जागेला गार्डसाहेब 'स्थळ' म्हणत. "दातार, एक नवं स्थळ आलंय, बघून कळवतो." पुलापायी मोडलेल्या त्या सोयरिकीची हकिगत त्यांना माहीत होती, तिच्यावरून ही थट्टा. हळूहळू दातारांच्याही तोंडात तो शब्द बसला.

ताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

एका दुपारी त्या आत काजं करत होत्या. दातारांचे हात प्लास्टरने भरलेले असत, म्हणून ते फोन बाकावर ठेवून त्याच्याशी लांबूनच, मोठ्याने बोलत. पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं, पण यांचं भिंतीपलीकडे जात होतं.

"वयाचं काय घेऊन बसलात, गार्डसाहेब? जुनं आहे म्हणून तर बघायचं."

मग थोडी खरखर.

"काळं असलं तर बरंच. रंगरंगोटीवर मी जात नाही. बांधा भक्कम आहे ना? मग झालं. जवळ जाऊन बघू देतील का, तेवढं विचारून ठेवा."

ताईंची सुई काजात थांबली.

"माझ्याकडून स्थळ पसंत समजा. आणि खोली दोघांची घ्या. हो, दोघांची. एकट्याने फिरायचे दिवस गेले."

ताईंनी दोरा दाताने तोडला. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, बरं झालं. मग आलं, या वयात? आणि मग त्यांचं लक्ष खाटेखाली गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. नवी बाई येईल. दोन खोल्या. नणंद कुठे झोपेल, हे त्या बाईला पहिल्याच दिवशी विचारावं लागेल, आणि तिने विचारायच्या आधी आपण उत्तर शोधलेलं बरं.

नंतरच्या दिवसांत दिसलं ते सगळं याच बाजूचं होतं. दातारांनी नवा सदरा शिवायला टाकला. केस कापून आले, तेही कुणी सांगितल्याशिवाय. बाकाखालचं कपाट झाडताना ताईंना कागदात गुंडाळलेले बायकी कॅनव्हासचे बूट सापडले. त्यांनी तळवा लावून पाहिला. बाईचं पाऊल आपल्याएवढंच आहे, हे त्यांनी मनाशी नोंदवलं आणि कागद होता तसा गुंडाळून ठेवला.

मनाला लावून घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि त्याच आठवड्यात पुरुषांच्या तीन सदऱ्यांना बायकी बाजूने काजं केली. ते सदरे हातात धरूनच शिंपीणबाईंनी त्यांना दुकानात बसवून घेतलं.

"ताई, गिऱ्हाइकांनी हे आरशात बघून घालायचे का?"

"उसवून देते," ताई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तुमच्या मागच्या खोलीत काय असतं हो?"

"कापडाचे गठ्ठे, आणि एक जुनी मशीन. आमच्या सासूबाईंसारखी आहे. काम करत नाही, पण हलवायची कुणाची हिंमत नाही. का?"

"मला राहायला हवी होती."

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. हे ऐकायला तोंड मोकळं हवं, असं त्यांना वाटलं असावं. ताईंनी थोडक्यात सांगितलं. बाई वयाने मोठी, रंगाने काळी, बांध्याने भक्कम. खोलीसुद्धा ठरली आहे फिरायला जायची.

"दातारांचं लग्न!" शिंपीणबाई म्हणाल्या. "वरातीच्या वाटेवर पूल नाही ना, ते बघा आधी. आणि तुम्ही कशाला निघालात? भक्कम बाई येतेय तर येऊ दे की, कपाटं सरकवायला कामाला येईल."

"नव्या बाईला आल्या आल्या नणंद नको."

"त्यांना विचारलंत?"

"तो सांगायचा तेव्हा सांगेल."

"आणि तोवर तुम्ही दारात ट्रंक घेऊन उभ्या."

"ट्रंक भरलेलीच असते," ताई म्हणाल्या. "मला तयारी करावी लागत नाही."

 मशीन कोपऱ्यात ढकलून खाटेपुरती जागा करून द्यायचं शिंपीणबाईंनी कबूल केलं.

ताईंनी घरातले पडदे धुतले. कपाटातल्या चादरी काढून तो भाग पुसून ठेवला. मग एका दुपारी जेवताना त्यांनीच विषय काढला, कारण तो फोन होऊन महिना होत आला होता आणि दातार तोंड उघडायचं नाव घेत नव्हते.

"स्थळ पक्कं झालं का?"

दातारांचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"तू फोनवर बोलतोस ते गल्लीला ऐकू जातं."

"पक्कंच झालंय. तुला सांगणार होतो गं, पण तू नाही म्हणशील असं वाटलं. म्हटलं, सगळं ठरू दे, मग सांगू."

"मी कशाला नाही म्हणू? वय किती आहे?"

"शंभराच्या घरात."

ताईंनी हातातला डाव खाली ठेवला. "मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय? पाटी आहे ना त्यावर, पितळेची. पोटाशीच ठोकलीय. अजून वाचता येते म्हणे."

"चालतं-फिरतं तरी आहे का?"

"आता नाही. शेडमध्ये उभं असतं. पण तिथला रखवालदार गार्डसाहेबांच्या ओळखीचा आहे, वर चढून बसू देतो."

"अरे, तू बोलतोयस कशाबद्दल?"

"इंजिनाबद्दल. तू कशाबद्दल बोलतेयस?"

ताईंनी आधी दातारांच्या ताटात भाजी वाढली, मग आपल्या. आणि ताटाकडे बघतच म्हणाल्या, "मी शिंपीणबाईंकडे खोली सांगून ठेवलीय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तुझं लग्न ठरलं असं मला वाटलं. घर तुझं आहे, माझी सोय मी बघायला नको?"

दातारांना हसू येत होतं, ते मधेच थांबलं. जुनं, काळं, भक्कम, दोघांची खोली, हे सगळं त्यांच्या डोक्यात एकामागे एक लागत गेलं.

"दोघांची म्हणजे तुझी आणि माझी," ते म्हणाले. "पुलाला चढ आहे, तुझ्या चपला घसरतात, म्हणून बूटही आणून ठेवलेत."

"पाहिलेत."

"बसतात?"

"बसतात."

दातार हात धुऊन आतल्या खोलीत गेले. वाकून त्यांनी ट्रंक ओढली. तिची खरखर त्यांनी इतकी वर्षं रोज ऐकली होती, पण झाकण उघडून आत कधी पाहिलं नव्हतं. लुगडी घट्ट घड्यांची, कडेला पंचा, पंच्यात कंगवा आणि साबणाची डबी, आणि सगळ्यांत वर कागदात बांधलेल्या चांगल्या चपला. संध्याकाळच्या गाडीने निघायचं असावं तशी ती भरलेली होती. दातार गुडघ्यांवर तसेच बसून राहिले.

"ताई," त्यांनी आतूनच हाक मारली, "प्रवासाला ही ट्रंक लागेल."

"पिशवी चालेल की. तीन दिवसांचे कपडे ते काय."

"पिशवी नको. ट्रंकच पाहिजे."

"मग यातलं कुठे ठेवू?"

"कपाट रिकामं केलंयस ना?"

दुसऱ्यांच्या तोंडांची सोय लावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या तोंडाने एवढंच जमलं. ताई दारात उभ्या होत्या. मग त्या आत आल्या आणि एकेक घडी उचलून कपाटात ठेवू लागल्या. दातारांनी मदत केली नाही, नुसतं बघितलं.

स्टेशनवर गार्डसाहेब घ्यायला आले होते. "लोक गाड्या बघायला दुर्बीण आणतात, तुम्ही ट्रंक आणलीत," ते म्हणाले. संग्रहालयात ते इंजिन खरंच काळं होतं, आणि ताईंना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच उंच. ताई त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्या आणि पाटीवरचं साल वाचून म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. तू उगीच पुलावर थांबलास." गार्डसाहेबांना ठसका लागला. आपल्या थट्टेने एका घरात काय उलथापालथ केली, हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि नंतरही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं घाटाच्या पुलावर गेले. दातारांनी हट्टाने ट्रंक तिथवर आणली होती. बाकडं नव्हतंच, त्यामुळे ताई तिच्यावर बसल्या, नव्या बुटांतले पाय समोर सोडून. खालून मालगाडी चढत येत होती, पुढे एक इंजिन, आणि शेवटच्या डब्याला मागून टेकलेलं आणखी एक.

"ते मागचं कशाला?" ताईंनी विचारलं.

"ढकलायला. एकट्याला हा चढ जमत नाही," गार्डसाहेब म्हणाले.

"आणि वर पोचल्यावर?"

"सुटतं आणि परत येतं. त्याचं शेड इथेच आहे, खाली."

ताईंनी मान हलवली. गाडी वळणामागे गेली तरी त्यांनी जागा सोडली नाही. दातार आणि गार्डसाहेब चहा आणायला गेले. थोड्या वेळाने ते मागचं इंजिन खरंच एकटंच खाली उतरून आलं, सावकाश. त्या वेळी पुलाच्या कठड्याला धरून ताईच एकट्या उभ्या होत्या.

घरी परतल्यावर दातारांनी ट्रंक खाटेखाली नेली नाही. कामाच्या खोलीत बाकाशेजारी ठेवली आणि त्याच संध्याकाळी तिच्यात प्लास्टरचे जुने साचे काठोकाठ भरले. आता ती दोघांना मिळूनही हलत नाही. शिंपीणबाईंनी आपली मशीन पुन्हा जागेवर ढकलली आणि उसवायचे राहिलेले तीन सदरे ताईंकडे धाडून दिले.

दुसऱ्या सकाळी घरात खरखर झाली नाही. त्यामुळे दातारांना जाग आली नाही, आणि डॉक्टरांचा माणूस कवळी न्यायला येऊन दार वाजवत उभा राहिला.