नुआला टार्पीची लंगडी घोडी
कत्तलखान्याची गाडी मेव्ह घोडीला घेऊन डेव्हरीच्या अंगणातून निघाली, तर फाटकात नुआला टार्पीचा ट्रॅक्टर आडवा. ती वर बसून निवांत चहा पीत होती.

कोल्म डेव्हरी शर्यतीचे घोडे तयार करायचा. नुआलानं ऐन उमेदीची वर्षं त्याच्याच तबेल्यात काढली होती. लंगडणाऱ्या घोड्यावर खोगीर चढवायला तिनं नकार दिला, तेव्हा त्यानं तिला हाकललं. तेव्हापासून टाकून दिलेले घोडे आणायचे, बरे करायचे, चांगलं घर बघून द्यायचे, हाच तिचा उद्योग. मेव्हनं डेव्हरीला कितीतरी शर्यती जिंकून दिल्या होत्या. आता तिच्या पुढच्या पायाची शीर फाटली होती.

"ट्रॅक्टर काढ, नुआला!" डेव्हरी ओरडला.

"चालू होत नाहीये."

"मग ढकल."

"तूच ढकल. घोडीला मरणाकडं ढकलतोयस, तुला सवय आहे."

रस्त्यावर दुधाच्या गाड्या खोळंबल्या. माणसं उतरून मजा बघू लागली. डेव्हरी लालबुंद झाला. "ने ते भंगार! कायमचं ने, माझ्या डोळ्यांसमोर परत आणू नकोस!"

घोडी खाली उतरली आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात चालू झाला.

नुआलाचा शेजारी अल्टन हॅनली बघ्यांत होताच. "नुआलाच्या धर्मशाळेत आणखी एक पाहुणी," तो म्हणाला, तसे सगळे हसले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपून मान हलवली. "धावणं विसर. नीट चालली तरी पुष्कळ."

"मग पुष्कळच करू," नुआला म्हणाली.

रोज सकाळी ती मेव्हला दलदलीकडच्या ओढ्यात नेऊन उभी करायची. थंडगार पाण्यानं सूज उतरते. बुटांत पाणी शिरायचं, पाऊस तर पाचवीला पुजलेला. एकदा घोडी तिच्या खांद्याला कडकडून चावली. नुआला कळवळली, चार शिव्या हासडल्या, पण लगाम सोडला नाही. हिवाळाभर पट्ट्या बदलल्या, मग लगाम धरून फिरवायला सुरुवात केली. वसंतात मेव्ह कुरणात स्वतःहून दुडक्या चालीनं गेली. तेव्हा मात्र नुआला कुंपणाला टेकून ढसाढसा रडली.

आणि तेवढ्यात मेव्हच्या धाकट्या भावानं मोठी शर्यत मारली. डेव्हरी दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

"घोडी माझी आहे. शिंगरं घ्यायचीत तिच्यापासून, आता त्यांना सोन्याचा भाव येईल."

"गरज सरली तेव्हा भंगार, आता तुझी? कायमची दिली होतीस ना?"

"रागात बोललो होतो."

अल्टन बांधावर उभा होता. त्याच्या शेतातलं वाळकं गवत डेव्हरीच घ्यायचा, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तरी तो सावकाश पुढं आला.

"रागात बोललास, पण मोठ्यानं बोललास, कोल्म. मला कानानं कमी ऐकू येतं, तरी ऐकू आलं. दूधवाल्यांनाही आलं असेल. विचारू का?"

"तुझं गवत यापुढं तुझ्याच गोठ्यात कुजेल!"

"कुजू दे की."

डेव्हरी तणतणत गेला. नुआलानं अल्टनला स्वयंपाकघरात बोलावून चहा दिला. तो कपात बघत पुटपुटला, "आमचं तट्टू गेल्यापासून गाढव दिवसभर दारात ओरडतं. त्याला सोबत हवी. मेव्ह देशील?"

"पाहुण्यांना हसत होतास ना?"

"हसलो. चुकलं."

"मी न सांगता येईन. गोठा ओला दिसला, तर घोडी परत."

"माझ्या सासऱ्यानं लग्नाच्या वेळी एवढं दरडावलं नव्हतं, बाई!"

"म्हणून तुझी बायको इतकं सोसते."

मेव्ह अल्टनकडं राहायला गेली. गाढव ओरडायचं थांबलं. त्या वर्षीचं अल्टनचं गवत नुआलाच्या घोड्यांनीच फस्त केलं.

बऱ्या होत आलेल्या घोड्यांना फिरवायला नुआलाकडं तीन रस्ते आहेत. डेव्हरीच्या दारावरून जाणारा सगळ्यांत लांबचा. ती रोज त्याच रस्त्यानं जाते, आणि फाटकासमोर आली की चाल मुद्दाम सावकाश करते.