फोनला हात लावू नकोस

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. तिथे माझे दोनच हट्ट. अपघात झाला की मी येईपर्यंत जागेवरचं काही हलवायचं नाही. आणि जो कामगार आपणहून चूक सांगायला येईल, त्याच्यावर ओरडायचं नाही. ओरडलं की माणसं लपवायला लागतात, आणि लपवलेली गळती पुढे जिवावर बेतते.

इतकी वर्षं हे लोकांच्या डोक्यात भरवणारी मी, गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी बदलापूरला भावाकडे गेले आणि स्वतःच शेण खाल्लं.

भाची कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कुणीतरी खोटं खातं उघडून तिचा चेहरा भलत्याच बाईच्या फोटोवर चिकटवला होता. माझ्याशी बोलली नाहीस तर हा फोटो वर्गात सगळ्यांना पाठवीन, अशा धमक्या चालू होत्या. तिने मला फोन दाखवला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू फोटो टाकतेसच कशाला?"

तिने फोन मागे घेतला. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात भाऊ आतून आला. "ताई, मी ठरवलंय. हे सगळं डिलीट करतो. फोन माझ्याकडे, आणि कॉलेज बंद. परीक्षा बाहेरून देईल."

"फोनला हात लावू नकोस," मी म्हटलं. "पुरावा आहे तो. आणि तिला घरी बसवून तू त्या नालायकाचंच काम सोपं करतोयस."

मग भाचीकडे वळले. "मघाशी मी चुकले. आता नाही ओरडणार. पहिल्यापासून सांग."

ती सांगायला लागली. पहिले काही मेसेज तिने आमच्याच भीतीने पुसून टाकले होते. मला राग आला, पण गिळला. उरलं होतं तेही पुष्कळ होतं. ती स्क्रीनशॉट काढत गेली आणि मी वहीत तारीख, वेळ, खात्याची लिंक लिहीत गेले. भाऊ आधी गॅलरीत पाठ करून उभा होता. पाचव्या नोंदीला तो खुर्ची ओढून बसला, एक मेसेज वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी वही चाळली, तक्रार लिहून घेतली. "एवढं नीट कुणी आणत नाही," म्हणाले. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. मग ते भावाला म्हणाले, "मुलीचा फोन काढून घ्या काही दिवस. कॉलेजलाही पाठवू नका. हे सगळं थांबू दे जरा."

भाचीने माझा हात घट्ट धरला. मी तोंड उघडणार, तोच भाऊ बोलला.

"साहेब, फोन तिच्याकडेच राहील. साडेअकराला तिचं लेक्चर आहे, मी सोडायला चाललोय. थांबवायचं तर तुम्ही त्याला थांबवा."