शेरूच्या आधीचा वाटा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बावीस वर्षं सातवी-आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते आहे. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात ना देव्हारा राहिला, ना उतारा, ना अंगात येणं... आणि बाबा तर याबाबतीत माझ्याही वरताण. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की म्हणायचे, "मिरची भाजीत टाका, लिंबाचं सरबत करा, दोन्ही वाया कायले घालवता?" त्याच बाबांबद्दल हे लिहायची वेळ माझ्यावर यावी, म्हणजे कमाल आहे.

जागा म्हणाल तर जवाहरनगरातल्या आमच्या क्वार्टरचं मागचं अंगण. वेळ रविवार सकाळी अकराची. लख्ख ऊन होतं, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, मी नंतर कॅलेंडर बघितलं.

बाबा गावी, सानगडीला एकटेच राहायचे, म्हणजे ते आणि त्यांचा कुत्रा शेरू. धानाची कापणी उरकली आणि एका दुपारी बाबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ऐंशी पार केलेली, कुणाला त्रास नाही, स्वतःला नाही. सगळं आटोपल्यावर शेरूला मी इकडे घेऊन आले.

आणि शेरूने खाणं सोडलं.

दूधभात दिला, अंडं दिलं, बिस्किटं दिली. वास घ्यायचा आणि मान फिरवायचा. पाणी तेवढं प्यायचा. चौथ्या दिवशी भंडाऱ्याच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी विचारलं, तिकडे काय खायचा? मी म्हटलं, कच्चं मटण, कोंबडीची हाडं, काय मिळेल ते. बाबा गावातले वाटे पाडणारे होते ना! आमच्याकडे पाच-सहा घरं मिळून बोकड घेतात, मग त्याचे सारखे वाटे पाडतात. हे काम बाबांचं. डावखुरा हात सपासप चालायचा, काटा-वजन काही नाही, नुसत्या नजरेने वाटे पडायचे, आणि कुणी कधी "माझा लहान आला" म्हटलेलं ऐकिवात नाही.

"मग त्याला कच्चंच द्या," मॅडम म्हणाल्या. "रॉ डाएट. पण स्वच्छता पाळा. हाडं शिजवू नका, शिजवलेलं हाड टोचतं. आणि दोन-तीन दिवसांत खाल्लं नाही तर ॲडमिट करावं लागेल... वय झालंय त्याचं."

आता माझी पंचाईत ऐका. मला कच्च्या मटणाच्या वासानेच मळमळतं. लहानपणी वाटे पडायला लागले की मी पुस्तक घेऊन मैत्रिणीकडे पळायची, दहावीनंतर तर हॉस्टेललाच गेले. घरात मटण कापण्यापासून रश्शापर्यंत सगळं माझा नवरा, म्हणजे हेच करतात. पण शेरू बाबांचा, म्हणजे जबाबदारी माझी. मी हातमोजे आणले, वेगळा पाट, वेगळी सुरी, डिजिटल काटा, शेरूच्या आठवड्याच्या खाण्याचे सात डबे. डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ह्यांनी विचारलं, "अवं, कुत्र्याले खाऊ घालून राहिली का प्रॅक्टिकलची परीक्षा घेऊन राहिली?"

पहिल्या दिवशी मी आधी शेरूची ताटली भरली. पेशंट आधी, डबे मग, असा माझा हिशोब. काळीज, कोंबडीची मान, सगळं पन्नास-पन्नास ग्रॅम मोजून ठेवलं. तो ताटलीसमोर बसला. बघत राहिला. लाळ गळत होती हो त्याची! पण तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उठून उभं राहताना त्याचा तोल गेला. मी मोरीत जाऊन रडले. बाबा गेले तेव्हाही एवढी रडले नव्हते. वाटलं, त्यांची एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आली आणि तीही मला सांभाळता येत नाही.

तो रविवार उजाडला. संध्याकाळी ॲडमिट करायचं ठरलं होतं. तरी मी ताजं मटण आणि कोंबडी आणली, म्हटलं शेवटचा प्रयत्न. अंगणात पाट मांडला, वर्तमानपत्रं पसरली. शेरू भिंतीशी पडून होता.

इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी हातमोजे घातले नव्हते, हे आठवतं. काटा लावला नव्हता. वास येत होता, पण मळमळत नव्हतं, उलट फार निवांत वाटत होतं... सुट्टीच्या दिवशी उन्हात बसल्यावर वाटतं तसं. हात चालले होते. हाड नेमकं सांध्यात सुटत होतं. एक वाटा, दुसरा, तिसरा. डोक्यात एकही विचार नाही.

"अवं..." ह्यांचा आवाज आला. दारात चहाचा कप घेऊन उभे होते. "तू डाव्या हातानं काहून कापून राहिली?"

मी खाली बघितलं. सुरी डाव्या हातात. मी उजव्या हाताने लिहिणारी, उजव्या हाताने जेवणारी बाई! डाव्या हाताने मला खडूने साधी रेघ ओढता येत नाही.

कागदावर सात वाटे ओळीने पडलेले. त्यांच्यापासून थोडा दूर, चांगल्या मांसाचा एक आठवा. आणि त्याच्याही पलीकडे एक लहानसा नववा, जो शेरू खात होता. कडाकडा हाडं फोडत, शेपटी हलवत, मधेच शिंकत. तो भिंतीपासून उठून कधी आला ते मला कळलंच नाही.

ह्यांनी चहा खाली ठेवला आणि काटा आणला. सातही वाटे मोजले. एकमेकांत चार-पाच ग्रॅमचा फरक, त्याच्यावर नाही. "आता मात्र मले भेव लागून राहिलं," ते म्हणाले. मला अजिबात भीती वाटत नव्हती. मी शेरूकडे बघून वेड्यासारखी हसत होते.

संध्याकाळी सानगडीला गोपाळकाकांना फोन लावला. बाबांचे जुने सोबती, वाटे पाडायला कायम शेजारी बसायचे. शेरू जेवला एवढंच सांगितलं, बाकी काही बोलले नाही. काका खूश झाले.

"मी तुले सांगणारच होतो, बाई. तू त्याले आधी वाढत असशीन तं तो मेला तरी खाणार नाही. तुह्या बाबानं त्याले तशी सवयच लावली होती. सगळ्या घराचे वाटे पडले पाह्यजे, मंग वाटे पाडणाऱ्याचा, म्हंजे बाबाचा, अन् मंग शेरूचा. बाबाचा वाटा पडल्याबिगर तो हालेच ना जागचा."

मी फोन ठेवला आणि फ्रिजमधला तो आठवा वाटा बाहेर काढून बघितला.

आता स्पष्टीकरण. ह्यांचं म्हणणं, लहानपणी कधीतरी बघितलं असेल, डोक्यात राहिलं असेल. असेल. वाट्यांचा क्रम एक वेळ असा राहू शकतो. पण डावा हात? न मोजता पडलेले सारखे वाटे? नंतर मी डाव्या हाताने साधा कांदा कापायला गेले तर बोटाला तीन टाके पडले. शाळेतल्या एका सरांना विचारलं, त्यांनी मेंदूबद्दल पुष्कळ सांगितलं. ऐकायला छान होतं, पण त्यांचंही त्यांना पटलेलं दिसलं नाही.

शेरू आता टुणटुणीत आहे. दर रविवारी मी उजव्या हाताने, हातमोजे घालून, काट्यावर मोजून वाटे पाडते. मळमळतं, पण जमतं. सात डब्यांचे सात, मग बाबांचा, मग शेरूचा. बाबांच्या वाट्याचा हे झणझणीत रस्सा करतात आणि आम्ही दोघं तो आवडीने खातो. नैवेद्य वगैरे नाही हं, बाबांना ते मुळीच चाललं नसतं.

गेल्या रविवारी मी मुद्दाम बाबांचा वाटा टाकला नाही. विज्ञानाची बाई ना, प्रयोग करून बघायलाच हवा. शेरूचा वाटा टाकला. तो बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुरकुर नाही, काही नाही, फक्त कागदावरच्या मोकळ्या जागेकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं मांस काढून त्या जागी ठेवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकलं, बाबा."

शेरू उठला आणि जेवायला लागला.